डोक्यावरचे गोंदण कोणास मानवते?

१८९६ साली कलकत्त्यात एक मौजेची कथास्पर्धा झाली. एच. बोस या नावाने ओळखले जाणारे हेमेंद्रमोहन बोस यांनी ‘कुंतलीन’ नावाचे केसांचे तेल बाजारात आणले होते. त्या तेलाचा उल्लेख कथेत ओघाने यावा, परंतु कथा जाहिरातीसारखी वाटू नये, अशी अट घालून त्यांनी बक्षिसे लावली होती. पहिले बक्षीस ज्या कथेला मिळाले ती जगदीशचंद्र बोस यांची होती. कलकत्त्यावर चालून येणारे वादळ समुद्रात ओतलेल्या तेलाच्या एका बाटलीने शांत होते, असे तिचे कथानक. पुढे १९२१ साली ‘अव्यक्त’ या आपल्या पुस्तकात त्यांनी ती कथा फेरफार करून घातली. तीत निवेदकाला मोठा ताप येऊन गेलेला असतो आणि त्या तापानंतर डोक्यावरचे दाट केस विरळ झालेले असतात. त्याची आठ वर्षांची मुलगी नुकताच भूगोल शिकू लागलेली आहे. बेट कशाला म्हणतात असे ती बापाला विचारते आणि उत्तराची वाट न पाहता त्याच्या गुळगुळीत डोक्यावर उरलेल्या एकदोन झुपक्यांकडे बोट दाखविते.

वाचकहो, या गृहस्थाचे केस तापानंतर गेले होते, एवढी गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. दीर्घ ज्वरानंतर गळलेले केस बहुधा परत येतात. त्या काळी उपाय म्हणून तेलाची बाटली होती. केस आपोआप उगवले आणि श्रेय तेलाला मिळाले, तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. आज त्याच गृहस्थाने घाबरून डोके गोंदवून घेतले असते, तर सहा-आठ महिन्यांनी केस उगवले असते आणि त्यांच्याखाली गोंदणही तसेच राहिले असते.

डोके गोंदविण्याची ही गोष्ट आम्ही थट्टेने लिहीत नाही. कुंतलीन आणि जबाकुसुम या तेलांच्या या शहरात आज केसांच्या चिकित्सालयांचे फलक जागोजागी दिसतात, आणि त्यांवर औषधे व केशरोपण यांच्या जोडीला ‘स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशन’ असे लांबलचक नाव आढळते. पुणे, मुंबई, नागपूर येथेही हेच आहे. नाव कितीही भारदस्त असले तरी हे डोक्याच्या त्वचेवरील गोंदणच होय. बंगालीत ज्याला ‘उल्कि’ म्हणतात आणि आपल्याकडे आजीच्या कपाळावर व हातावर जे आपण पाहिले आहे, त्याच जातीचे, मात्र फार बारीक सुईचे. यंत्राला लावलेल्या सुईने त्वचेत रंगाचे हजारो ठिपके असे उमटवितात की, नुकतेच वस्तऱ्याने काढलेले केस त्वचेतून डोकावत आहेत असा भास व्हावा. हे काम एका बैठकीत सहसा संपत नाही. दोन ते चार बैठका लागतात आणि त्यांमध्ये काही दिवसांचे, कित्येकदा काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते.

आजीच्या गोंदणाकडे पुन्हा एकदा पाहा. काजळीने काळेभोर गोंदलेले ते ठिपके वय वाढले तसे हिरवट-निळसर दिसू लागलेले असतात, आणि त्यांच्या कडाही पसरलेल्या असतात. याचे कारण रंग किती खोल गेला आहे, यात आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर साधारणपणे महिन्याभरात झडून नवा होतो. रंग तेवढ्यातच राहिला तर तोही झडून जातो. त्याच्याखालच्या थराच्या वरच्या भागात तो पोहोचला म्हणजे टिकतो. त्याहून खोल गेला तर पसरतो आणि निळसर दिसू लागतो. रक्तवाहिनीतले रक्त लाल असूनही मनगटावरची शीर निळसर दिसते, तसाच हा प्रकाशाचा खेळ आहे. डोक्यावरच्या गोंदणात सुई जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटर खोलीवर राखावी लागते, आणि कपाळालगतची, माथ्यावरची व मानेकडची त्वचा सारख्या जाडीची नसते. काम करणाऱ्याच्या हाताला म्हणूनच येथे एवढे महत्त्व आहे. चांगल्या हाताने केलेले कामदेखील उन्हाने व काळाने फिके पडते, आणि काही वर्षांनी पुन्हा हात फिरवून घ्यावा लागतो. हा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरावा.

याने केस येत नाहीत. आहेत ते केस थांबतही नाहीत. याने मिळते ती केसांची सावली. ज्याला सावली पुरेशी आहे त्याला हा उपाय समाधान देतो, आणि ज्याला केस हवे आहेत त्याची निराशा होते. आमच्या मते बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गैरसमजात आहे.

आता केस कशाने गेले, हा प्रश्न. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांपैकी ५० ते १०० रोज गळणे हे आरोग्याचेच लक्षण आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो आणि गळून नव्याला जागा देतो. डेंग्यू, विषमज्वर, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, एकाएकी कमी केलेले जेवण, अशा धक्क्याने पुष्कळसे केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झुपक्यांनी गळू लागतात. रोगी तोपर्यंत ताप विसरलेला असतो. त्याला वाटते, काही कारण नसताना टक्कल पडू लागले. कोलकात्यात पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूचा जोर असतो आणि केस गळतात ते थंडीत, तेव्हा दोहोंचा संबंध मनात येत नाही. अशा वेळी धीर हेच औषध. मूळ कारण दूर झाले की केस बहुधा सहा महिन्यांच्या आसपास पुन्हा भरू लागतात. रक्तातील लोहाची कमतरता किंवा गलग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, विकार असेल तर त्याची तपासणी करून उपाय करावा. येथे गोंदणाचा विचारही नको.

चाई पडणे हा दुसरा प्रकार. रुपयाएवढी गुळगुळीत चकती एका रात्रीत दिसू लागते, ती शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चाल केल्यामुळे. चाई आज येथे तर उद्या तेथे, अशी हिंडते. कित्येकदा आपोआप भरून येते आणि कधी पुन्हा उलटते. फिरत्या चकतीवर स्थिर ठिपके काढणे म्हणजे नदीच्या पात्रात कुंपण घालण्यासारखे आहे. ज्यांची चाई वर्षानुवर्षे स्थिर आहे, किंवा ज्यांचे सर्वच केस गेले आहेत आणि उपचार करून झाले आहेत, अशा काहींनी वैद्याच्या संमतीने गोंदण केले आहे व त्यांना समाधानही लाभले आहे. पण हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाचा, सौंदर्यगृहाचा नव्हे.

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. काही त्वचारोगांत केसांचे मूळच नष्ट होऊन त्या जागी वण उरतो. लायकेन प्लेनसचा डोक्यावरचा प्रकार व ल्युपसचा एक प्रकार ही त्याची उदाहरणे. डोक्यावर खाज, आग, लाली किंवा खपली असून केस जात असतील, आणि गेलेल्या जागी त्वचा चकाकणारी, रोमकूपांची तोंडे नसलेली दिसत असेल, तर उशीर करू नये. अशा ठिकाणी तज्ज्ञ त्वचेचा बारीकसा तुकडा काढून बायॉप्सी करतात, कारण रोग थांबविला नाही तर उरलेले केसही जातात. रोग जागा असताना त्यावर सुई चालविली तर तो आणखी भडकू शकतो, आणि वर रंगाचे ठिपके बसल्यावर त्वचेवरची लाली वैद्याच्या नजरेस पडणेही अवघड होते. लहान मुलांच्या डोक्यावरच्या खवड्यांविषयी वेगळे सांगावयास नको. तो नायट्याच्या जातीचा संसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो.

राहिला तो सर्वांत मोठा वर्ग, पिढीजात टकलाचा. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरतात, माथ्यावर चंद्र दिसू लागतो आणि शेवटी कानांच्या वर व मानेकडे केसांची झालर तेवढी उरते. यौवनापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, हे अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले. वारसा, वय आणि पुरुषी संप्रेरक या तिघांच्या संगनमताने हे घडते, असे तेव्हापासून मानले जाते. हॅमिल्टन यांनी १९५१ साली या टकलाच्या पायऱ्या ठरविल्या, नॉरवुड यांनी १९७५ साली त्या सुधारल्या, आणि आजही वैद्य त्याच पायऱ्यांनी बोलतात. मुळात रक्तदाबावरील म्हणून आलेले मिनॉक्सिडिल आणि पुढे फिनॅस्टेराइड ही औषधे या प्रकारात वैद्याच्या सल्ल्याने देतात. त्यांचा गुण येतो की नाही हे कळावयास सहा महिने ते वर्ष लागते. तेवढे थांबल्यावाचून गोंदणाकडे वळणे घाईचे होईल.

डोक्यावरचे गोंदण मुख्यतः याच वर्गासाठी आहे, आणि येथेही सर्वांसाठी नाही. पंचेचाळीस वर्षांच्या, माथा पूर्ण उघडा पडलेल्या आणि उरलेली झालर दर दोन दिवसांनी यंत्राने काढणाऱ्या गृहस्थाचे टक्कल जेथे पोहोचावयाचे तेथे पोहोचलेले असते; त्याच्या डोक्यावर ठिपक्यांची सावली शोभून दिसते. तरुणाचे तसे नाही. बाविसाव्या वर्षी कपाळाचे कोपरे नुकते सरू लागले आहेत, घरी लग्नाच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि मुलगा म्हणतो की कपाळावर सोळाव्या वर्षीची रेघ काढून द्या. रेघ निघते. दहा वर्षांनी तिच्यामागचे केस मागे हटतात. पुढे ठिपक्यांची रेघ, मध्ये मोकळी पट्टी आणि मागे केस, असे चमत्कारिक दृश्य होते. मग मोकळी पट्टी भरावयाची, मग माथा भरावयाचा, मग सर्व डोके नेहमी तासून ठेवावयाचे. एका रेघेने सुरुवात झालेल्या माणसाला पुढचा सारा मार्ग निवड न करताच चालावा लागतो. शिवाय पन्नाशीच्या चेहऱ्यावर सोळा वर्षांच्या कपाळाची रेघ कशी दिसेल, हे आरशासमोर उभे राहून पाहता येत नाही. घरातल्या वडील माणसांचे टक्कल पाहावे. ती खात्रीची नक्कल नसली तरी अंदाज देते. पंचविशीच्या आत हा उपाय करू नये, आणि केल्यास रेघ वयाला साजेशी, कोपऱ्यांत किंचित मागे व थोडी अनियमित काढवून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

लग्नाचा विषय निघाला आहे, तर एक स्पष्टच लिहितो. मुलीकडच्यांना कळू नये म्हणून डोके गोंदविणे हा मार्ग आम्हांस पसंत नाही. केसांचा टोप लपवून लग्न केलेल्या नायकाची फजिती २०१९ च्या ‘बाला’ या हिंदी चित्रपटात अनेकांनी पाहिली असेल. टोप निदान काढून ठेवता येतो. आईवडिलांनी मुलाच्या विरळ केसांची चर्चा पाहुण्यांदेखत करणे थांबविले, तर कित्येक तरुणांचा निम्मा त्रास तेथेच संपेल.

दुसरा प्रश्न आपल्या राहणीचा आहे. ठिपके वाढत नाहीत आणि पिकतही नाहीत. उघड्या माथ्यावर ते उमटविले की कानांवरचे केस एक-दोन मिलिमीटरच्या वर वाढू देता येत नाहीत, नाहीतर बाजूला केस आणि माथ्यावर रंग हा फरक उघडा पडतो. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी यंत्र फिरविणे आयुष्यभराचे झाले. ज्याला न्हाव्याकडे महिन्यातून एकदा जाण्याचाही कंटाळा, त्याने याचा आधीच विचार करावा. झालर पांढरी होऊ लागली की काळ्या ठिपक्यांशी तिचे जुळत नाही. म्हणून जाणकार कारागीर गडद काळा रंग टाळून करडेपणाकडे झुकणारी फिकी छटा वापरतात आणि पहिल्या बैठकीत हात राखून काम करतात. गडद करणे पुढच्या बैठकीत सोपे असते, फिके करणे अवघड. डोके तेलकट व चकाकणारे असेल तर उन्हात किंवा दिव्याखाली सपाट रंग लगेच ओळखू येतो. खऱ्या केसांच्या खुंटांना थोडी उंची असते. ठिपक्यांना ती कोठून येणार? कोलकात्याच्या दमट हवेत आठ महिने माथा घामाने ओला असतो, हे येथल्या वाचकांना सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट, जी चिकित्सालयाच्या पत्रकात छापलेली नसते. आपल्या समाजात, बंगाली समाजातही, आईवडील गेल्यावर क्षौर करण्याची चाल अनेक घरांतून आहे. तुळतुळीत वस्तरा फिरविल्यावरही गोंदलेल्या माथ्यावर काळसर खुंटांचा भास तसाच राहतो. काहींना त्याचे काही वाटणार नाही, काहींना फार वाटेल. आपण कोणत्या घरातले आहोत हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

माथ्यावर केस आहेत पण विरळ आहेत, त्यांच्यामधून त्वचा दिसते, अशांसाठी या गोंदणाचा दुसरा उपयोग आहे. केसांच्या मधल्या त्वचेवर ठिपके उमटविले की पांढुरकी त्वचा दिसेनाशी होते आणि केस दाट भासतात. येथे डोके तासावे लागत नाही. केशरोपणानंतर डोक्याच्या मागे राहिलेली वणाची रेघ, किंवा जुन्या जखमेचा पांढरा वण, झाकण्यासही हा उपाय चांगला, मात्र वण पुरता जुना व शांत झाल्यावर. वर्षभर तरी थांबावे. वणाच्या त्वचेत रंग सारखा बसत नाही, म्हणून आधी कोपऱ्यात थोडे करून पाहावे लागते.

स्त्रियांना बहुधा याच दुसऱ्या प्रकाराची गरज पडते. त्यांच्या कपाळाची रेघ सहसा टिकते, पण भांग रुंदावत जातो. लोहाची व थायरॉइडची तपासणी स्त्रियांनी आधी करावी. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी गळू लागलेले केस वर्षभरात बहुधा पूर्ववत होतात, तेव्हा त्या काळात तर गोंदणाचे नावही काढू नये; गरोदरपणी व अंगावर पाजतानाही ते टाळावे. घट्ट ओढून बांधलेल्या अंबाड्याने किंवा वेणीने कपाळालगतचे केस जात असतील, तर आधी बांधणी सैल करावी. बंगाली घरांतून विवाहित स्त्रिया भांगात सिंदूर भरतात, आणि नेमके तेथेच गोंदण व्हावयाचे असते. सुयांच्या ताज्या टोचण्यांवर सिंदूर, तेल वा कलप लावू नये. बाजारातील सिंदुरात काय मिसळलेले असते याचा भरवसा नसतो, आणि कलपाने ज्यांच्या डोक्याला पूर्वी खाज वा सूज आली आहे त्यांनी ती गोष्ट आधीच सांगावी. निवडक जागी, हलक्या हाताने केलेले भांगाचे काम आम्हांस या साऱ्या प्रकारांत सर्वांत निरुपद्रवी वाटते. त्याचा डौल केसांवर उभा असतो. केस पुढे आणखी विरळ झाले तर तेवढेच उघडेही पडते.

बंगालीत म्हण आहे की मुंडण केलेला माणूस बेलाच्या झाडाखाली एकदाच जातो. डोक्यावर बेलफळ पडल्यावर पुन्हा कोण जाईल! तो नक्की किती वेळा जातो, या प्रश्नावर सुकुमार राय यांनी १९२३ च्या ‘आबोल ताबोल’मध्ये एक गमतीची कविताच लिहिली आहे. गोंदणाच्या बाबतीत बेलाखाली न जाताच रंगीत तालीम करण्याची सोय आहे, आणि ती फुकटात पडते. पूर्ण उघडा माथा असलेल्यांनी प्रथम सर्व केस काढून तीन आठवडे तसेच राहावे, कचेरीत जावे, समारंभाला जावे, छायाचित्र काढावे. कित्येकांना तीन आठवड्यांनंतर आपला तुळतुळीत माथाच आवडू लागतो आणि पुढचा खर्च वाचतो. ज्यांना तासलेले डोकेच सहन होत नाही त्यांना ठिपक्यांचे डोकेही सहन होणार नाही, कारण ठिपक्यांखाली डोके तासलेलेच असते. विरळ केस असलेल्यांनी बाजारात मिळणारी, केसांवर भुरभुरण्याची बारीक तंतूंची पूड महिनाभर वापरून पाहावी. ती धुतली की जाते. दाटपणाचा तेवढा भास मनाला पुरतो की नाही, हे तीतून कळते.

तालमीनंतरही इच्छा टिकली, तर प्रथम त्वचारोगतज्ज्ञाला डोके दाखवावे. १८३५ साली स्थापन झालेले मेडिकल कॉलेज असो वा ‘पी.जी.’ म्हणून ओळखले जाणारे एस.एस.के.एम. रुग्णालय, कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांतून त्वचारोगांचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. इतर शहरांतही अशी सोय असते. तज्ज्ञ भिंगाच्या उपकरणाने रोमकूप पाहतात, केसांचा झुपका हलकेच ओढून किती हाती येतात ते मोजतात, आणि टक्कल स्थिर आहे की पुढे सरकत आहे हे सांगतात. सोरायसिस, कोड वा लायकेन प्लेनस असणाऱ्यांच्या त्वचेवर जेथे जखम होते तेथे तोच रोग उमटू शकतो. ज्यांच्या छातीवर, खांद्यावर वण उंचवट्यासारखे वाढतात त्यांचाही प्रश्न आहे. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा कर्करोगाचे उपचार सुरू असतील, तर हे सर्व आधी बोलून घ्यावे. कर्करोगावरील औषधांनी गेलेले केस बहुधा परत येतात, हे त्या घरांतल्या माणसांना मुद्दाम सांगावे.

मग कारागीर निवडावा. ज्या छायाचित्रांवर तो आपली कीर्ती सांगतो ती काम संपल्या दिवसाची असतात. त्या दिवशी ठिपके नेहमीच गडद व रेखीव दिसतात. दोन-तीन वर्षांपूर्वी काम केलेली डोकी दाखवा, असे सांगावे, आणि शक्य असल्यास दिवसाच्या उजेडात प्रत्यक्ष पाहावीत. कपाळाची रेघ आधी पेन्सिलीने काढवून घ्यावी आणि घरी जाऊन बाजूने, मागून, उन्हात पाहावी. घाई करणाऱ्याकडून उठून यावे. सुई नवी, मोहोरबंद असावी व आपल्यासमोर उघडलेली असावी. रंग मोठ्या बाटलीतून छोट्या वाटीत काढून उरलेला टाकून द्यावा, परत बाटलीत ओतू नये. कावीळ ‘ब’ व ‘क’ आणि एच.आय.व्ही. हे रोग सुईवाटे पसरतात. कावीळ ‘ब’ची लस घेतलेली नसेल तर ती आधीच घ्यावी. रंगात काय आहे हे बाटलीवरच्या चिठ्ठीवर वाचता आले पाहिजे. लोहाचे क्षार असलेले रंग काळाने तांबूस होऊ शकतात, आणि पुढे लेसरने काढावयास गेले तर कधी उलट काळे पडतात. काजळीच्या जातीचा काळा रंग लेसरला त्या मानाने दाद देतो. काढणे शक्य आहे म्हणून करावयास हरकत नाही, असे कोणी म्हणत असेल तर काढण्याचा खर्च आणि बैठका किती, हेही त्यालाच विचारावे. पुढे कधी एम.आर.आय.ची तपासणी करावी लागली तर डोक्यावर गोंदण आहे, हे तंत्रज्ञास सांगावयास विसरू नये. लोहयुक्त रंगाने क्वचित त्या जागी चुणचुण वा चटका बसतो.

कोलकात्यात पाड्या-पाड्यांतील मंडळे रक्तदानाची शिबिरे भरवितात आणि कित्येकजण दरवर्षी नियमाने रक्त देतात. आपल्याकडील रक्तपेढ्यांच्या नियमांप्रमाणे गोंदण केल्यापासून १२ महिने रक्त देता येत नाही. पुन्हा हात फिरवून घेतला की तेच १२ महिने पुन्हा सुरू होतात. घरात कोणाला वरचेवर रक्त लागत असेल आणि देणारे आपण असू, तर हा हिशेब आधी करावा.

वेळेचेही पाहावे लागते. येथे पूजेच्या आधी नवे रूप हवे म्हणून सप्टेंबरमध्ये गर्दी होते, आणि नेमका तोच काळ दमटपणाचा व घामाचा. प्रत्येक बैठकीनंतर चार-पाच दिवस तरी डोके कोरडे ठेवावे लागते, धुणे, घाम, तरणतलाव व ऊन टाळावे लागते. बारीक खपल्या धरतात व त्या नखाने काढावयाच्या नसतात. तीन बैठका आणि त्यांमधले अंतर धरले तर महिना-दीड महिना सहज जातो. षष्ठीच्या पंधरा दिवस आधी सुरुवात करणाऱ्याच्या डोक्यावर अष्टमीच्या गर्दीत लाल त्वचा व अर्धवट ठिपके असतील. डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे, थंड महिने या कामास उत्तम. टोपी घातली तरी कोणी कारण विचारीत नाही. हिवाळ्यात येथील माणसे कान झाकणारी लोकरीची माकडटोपी हौसेने घालतातच. मात्र पहिले चार-पाच दिवस ती घट्ट व लोकरीची नको. सैल, स्वच्छ, सुती टोपी घालावी आणि रोज धुवावी.